मागून डुलणारी ॲम्बेसेडर: पाट्याचे बुश घरी बदलताना

नागपुरात जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते झाले, त्याचा जुनी गाडी बाळगणाऱ्याला एक फायदा झाला. दर काही फुटांवर सांधा येतो आणि गाडीच्या खालच्या अंगात काही ढिलं असलं तर ते तिथे लगेच बोलतं. पुढचं चाक सांध्यावरून गेलं की 'टप', मागचं गेलं की 'टप', इतकाच आवाज यायला हवा. माझ्या ॲम्बेसेडरचा 'टप, टप-खळ्ळ' असा यायचा. शिवाय ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडीचा मागचा भाग किंचित एका अंगाला सरकायचा, पाय दिला की पुन्हा जागेवर. स्टिअरिंग हातात सरळ धरलेलं, आणि गाडी आपली वरातीतल्या घोडीसारखी मागून डुलत चाललेली.

मी आधी शॉकअप बदलले, मग टायर पुढचे मागे केले. पैसे गेले, खळ्ळ राहिलं. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीखाली पहार घालून पाट्याचं, म्हणजे मागच्या बाजूचं वजन पेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, पुढचं टोक हलवून दाखवलं, तेव्हा कळलं की दुखणं मूठभर रबराचं आहे. ते रबर, म्हणजे पाट्याचे बुश, घरच्या अंगणात कसे बदलायचे ते सांगतो. साधी हत्यारं आणि एक मदतनीस असला तर एका रविवारचं काम आहे. पहिल्यांदाच करत असाल तर दोन रविवार धरा.

मी ॲम्बेसेडर समोर ठेवून लिहितोय. प्रीमिअर पद्मिनीलाही मागे पाटे आणि सलग ॲक्सलच आहे, त्यामुळे मापं सोडली तर बहुतेक सगळं तिलाही लागू पडतं. कॉन्टेसाला मागे कॉइल स्प्रिंग आणि लिंका आहेत. तिथे खोलण्याची पद्धत वेगळी, पण बुशाचा स्वभाव तोच.

बुश फिरत नाही, पिळतो

मागचा ॲक्सल दोन पाट्यांवर बसलेला असतो, डावीकडे एक, उजवीकडे एक. आपल्याकडे मिस्त्री लोक कमानी म्हणतात. पाट्याचं मुख्य पान दोन्ही टोकांना गोल वळवलेलं असतं, त्याला डोळा म्हणू. पुढचा डोळा एका जाड बोल्टने थेट बॉडीला बांधलेला. मागचा डोळा मात्र शेकलवर, म्हणजे दोन पात्यांच्या झुलत्या कडीवर, लटकतो, कारण खड्ड्यात पाटा दबून सरळ झाला की त्याची लांबी वाढते आणि ती वाढ कुठेतरी मावायला हवी. म्हणजे एका बाजूला बुशाच्या जागा तीन: पुढचा डोळा, मागचा डोळा, आणि शेकलचं वरचं टोक.

यातला पुढचा डोळा सगळ्यात कष्टाळू. इंजिनाचा जोर चाकातून गाडीला लागतो तो त्याच्यातून, ब्रेकचा धक्काही त्याच्यातूनच. या गाड्यांना ॲक्सल पुढेमागे धरून ठेवणारा दुसरा दांडा नसतो. त्यामुळे एका बाजूचा डोळा तीन मिलिमीटर सरकला तरी अख्खा ॲक्सल तिरपा होतो आणि मागची चाकं आपल्या मनाने थोडं थोडं स्टिअरिंग करू लागतात. डुलणं म्हणतात ते हेच.

आता बुशाची रचना. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी, मध्ये दोघींना चिकटवलेलं रबर, याला सायलेंट ब्लॉक म्हणतात. बाहेरची नळी पाट्याच्या डोळ्यात घट्ट ठोकलेली. आतली नळी बोल्टने ब्रॅकेटच्या दोन पात्यांमध्ये करकचून आवळलेली. दोन्ही नळ्या जागच्या हलत नाहीत. पाटा वरखाली झाला की मधलं रबर पिळतं आणि सुटलं की पूर्ववत होतं. कुठेच काही घासत नाही. शेकलवर बऱ्याचदा दोन टोप्यांसारखे अर्धे-अर्धे रबरी बुश असतात, त्यांना बाहेरची नळी नसते, पण कामाची तऱ्हा तीच.

हे एवढं डोक्यात बसलं की पुढचा प्रत्येक नियम आपोआप समजतो. पहिला नियम: या रबराला ग्रीस लावायचं नाही. जुन्या विलीज जीपला आट्याचे शेकल असायचे, लोखंडावर लोखंड, म्हणून त्यांना ग्रीसचं निप्पल दिलेलं. ट्रकवर हात बसलेला मिस्त्री तीच सवय घेऊन तुमच्या गाडीखाली येतो आणि प्रेमाने सगळ्या बुशांवर ग्रीस माखून जातो. चार दिवस आवाज बंद होतो, मालक खूश. पण पेट्रोलियमच्या ग्रीसने साधं रबर फुगतं, मऊ पडतं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काळा चिकट लगदा होतो.

उन्हाळ्याचाही वाटा आहेच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वरून नवतपा, खालून तापलेलं सिमेंट. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ॲम्बेसेडर बाहेर पडणं २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे सगळ्यात तरुण ॲम्बेसेडरच्या मूळ रबरानेही निदान दहा नागपुरी उन्हाळे खाल्लेले आहेत. ते कडक होऊन तडकलं नसेल तरच नवल.

खरंच बुशच आहेत का?

माझ्यासारखं आधी शॉकअपवर पैसे घालू नका. गाडी सपाट जागी, चाकांवरच उभी ठेवा. मदतनिसाला डिकीच्या कडेला धरून गाडी आडवी हलवायला सांगा आणि तुम्ही बाजूने वाकून टॉर्चने पाट्याचा पुढचा डोळा बघा. डोळा आणि ब्रॅकेट एकमेकांच्या संदर्भात सरकताना दिसले तर उत्तर मिळालं. मग डोळा आणि ब्रॅकेट यांच्यात पहारीचं टोक घालून हलका जोर द्या. चांगला बुश रबरासारखा दबतो आणि परत येतो. गेलेला बुश 'टक' करून लोखंडाला लोखंड लावतो. माझा भाचा कान लावून बसला होता, तो लगेच ओरडला, "मामा, आवाज इथूनच येऊन राहिला!"

डोळ्याभोवती तांबूस बारीक भुकटी दिसली तर तीही खूण आहे, आतली नळी ब्रॅकेटवर घासून गंज उडतोय. बोल्ट डोळ्याच्या बरोबर मध्यावर दिसायला हवा. तो एखाद्या कडेला टेकलेला असेल तर रबर त्या बाजूने संपलंय.

अजून एक तपासणी मला फार आवडते, कारण तिला टेपशिवाय काही लागत नाही. पुढची चाकं अगदी सरळ करा आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. ॲम्बेसेडरचा व्हीलबेस २४६४ मिलिमीटर, पद्मिनीचा २३४०. टेप धरण्यातली दोन-तीन मिलिमीटरची चूक सोडून द्या. दोन बाजूंत सात-आठ मिलिमीटरचा फरक निघाला तर ॲक्सल तिरपा बसलाय. माझा फरक नऊ होता. आकडे वहीत लिहून ठेवा, शेवटी लागतील.

खळ्ळ आवाजाचे दुसरे संशयितही एकदा बघून घ्या. पाटा ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट ढिले आहेत का, पाट्याचं एखादं पान तुटलंय का, शॉकअपच्या टोकांची रबरं शिल्लक आहेत का, सायलेन्सर कुठे आपटतोय का. गाडी सुटताना एकच 'टण' येत असेल तर प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉसही बघा. आणि पाट्याचा पुढचा ब्रॅकेट बॉडीला जिथे जोडलाय तिथला पत्रा जुन्या स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर बुशाचं काम आज राहू द्या, आधी वेल्डरकडे जा. कुजलेल्या पत्र्यात नवा बुश म्हणजे पडक्या चौकटीला नवं दार.

सामान

ॲम्बेसेडरच्या सस्पेन्शनचे नट बहुतेक इंची मापाचे आहेत, मूळ गाडी इंग्रजांची. पद्मिनी मूळची इटलीची, तिचे मिलिमीटरचे. घरात मिलिमीटरचा सेट असला की माणूस तोच ॲम्बेसेडरला लावतो आणि नटाचे कोपरे गोल करून बसतो. पाऊण इंचाला १९ चा पाना चालतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. ५/८ ला १६ चा चालतो. पण अर्धा इंच म्हणजे १२.७, तिथे १३ चा पाना सैल बसतो. आणि ९/१६ म्हणजे १४.३, तिथे १४ चा जातच नाही आणि १५ चा नट खातो. इंची रिंग पान्यांचा आणि गोटी पान्यांचा सेट विकत घ्या किंवा कुणाचा आणा.

जॅक दोन, त्यातला एक तरी हायड्रॉलिक. दोन मजबूत घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे स्टँड. पहार, दोन किलोचा हातोडा, पितळेचा किंवा जाड लाकडाचा दट्ट्या, तारेचा ब्रश, गोल कानस, पॉलिश पेपर, एक्सा ब्लेड, गंज सोडवणारा स्प्रे. भांड्यांचा साबण घरातला. नवे बोल्ट आणि नायलॉनवाले लॉक नट घ्याच, जुने परत वापरण्यात वाचतात किती रुपये?

बुश घेताना दुकानदाराला फक्त गाडीचं नाव सांगून भागत नाही, इतक्या वर्षांत बदल झालेले आहेत आणि आधीच्या मालकाने काय लावलंय देव जाणे. जमलं तर एक बाजू खोलून जुना बुश खिशात घालून जा आणि व्हर्नियरने बाहेरचा व्यास, आतलं भोक आणि लांबी जुळवून घ्या. आतली नळी बाहेरच्या नळीपेक्षा दोन्ही बाजूंनी थोडी बाहेर आलेली असायला हवी. रबरात नख दाबा. खूण लगेच भरून आली पाहिजे. खडूसारखं कोरडं लागलं किंवा कडेला बारीक चिरा दिसल्या तर तो माल शेल्फवरच म्हातारा झालाय, दुसरं दुकान बघा. पॉलियुरेथेनचेही बुश मिळतात. ते टिकतात, पण गाडी कडक होते आणि ॲम्बेसेडर कडक करून चालवायची तर ॲम्बेसेडर घ्यायचीच कशाला? हे माझं मत. सहाही जागांचे बुश एकदम बदला, शॉकअपची रबरंही त्याच फेरीत.

गाडी उचलण्याआधी

ही पायरी घाईने वाचू नका. या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो आणि गिअरही मागचीच चाकं धरतो. मागची बाजू उचलली की दोन्ही निकामी. त्यानंतर गाडीला जागेवर धरून ठेवतात ते फक्त पुढच्या चाकांना लावलेले ठोकळे. दोन्ही पुढच्या चाकांना, पुढून आणि मागून, असे चार लाकडी ठोकळे ठोकून बसवा.

जमीन सिमेंटची किंवा फरशीची हवी. आपल्याकडची काळी माती वरून कितीही कडक दिसली तरी जॅक तिच्यात सरकत जातो, आणि पाऊस पडून गेलेला असेल तर विचारूच नका. दुसरी जागाच नसेल तर जॅक आणि घोडीखाली जाड लाकडी फळी किंवा लोखंडी प्लेट टाका. विटा आणि दगड रचून घोडी करू नका. वीट सूचना देऊन फुटत नाही. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका, डोकं तर लांबच.

दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ सगळ्या नट-बोल्टांवर स्प्रे मारत राहा. उन्हाळ्यात करत असाल तर सकाळी सहाला सुरुवात करा. दहानंतर फरशीवर पाठ टेकवत नाही, आणि उन्हात ठेवलेला पाना हातात धरवत नाही.

खोलणं

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. मग जॅक ॲक्सलच्या नळीखाली लावून एकेक बाजू उचला आणि घोड्या बॉडीखाली लावा: पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या थोडं पुढे, जिथे पेटीसारखा मजबूत भाग आहे तिथे, मध्ये लाकडाचा तुकडा घालून. ॲक्सलखाली घोडी लावायची वेळ शेवटी येणार आहे, आत्ता नाही. चाकं काढा आणि गाडीखाली आडवी सरकवून ठेवा. दुर्दैवाने घोडी सरकलीच तर गाडी आधी चाकावर पडेल. आता खांद्याने गाडीला एक दणका द्या. हलली तर पुन्हा उतरवून नीट लावा.

दोन्ही बाजू वर असल्या तरी खोला एकच. दुसरी बाजू बांधलेली असली की ॲक्सल जागा सोडत नाही, आणि काही उलटसुलट झालं तर बघायला नमुना शिल्लक राहतो. मोबाइलवर फोटो काढा, बोल्टाचं डोकं आत होतं की बाहेर तेही दिसू द्या.

शॉकअपचं खालचं टोक सोडा. आता कळीची गोष्ट: शेकल सुटण्याआधी पाट्यावर ताण उरता कामा नये. ॲक्सलखालचा जॅक थोडा वर, थोडा खाली करत बघा. एका उंचीला शेकलचा बोल्ट हातोड्याच्या हलक्या टिचकीने सरकू लागतो, तीच बिनताणाची जागा. तिथेच थांबून नट काढा, शेकलची पाती सोडवा, बोल्ट दट्ट्याने बाहेर ढकला. ताण असताना जबरदस्तीने ठोकलात तर पाटा झटक्याने सुटतो, आणि तो कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. ॲक्सल खाली सोडताना ब्रेकची रबरी नळी आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, यावर मदतनिसाने नजर ठेवायची.

पुढचा बोल्ट बहुधा छळतो. पाणी आत जाऊन तो बुशाच्या आतल्या नळीला गंजाने चिकटलेला असतो. पाना लावला की नट सुटतो, पण बोल्ट फिरला की नळीही फिरते आणि रबर नुसतं चुरचुरतं. स्प्रे, थोडी वाट, दट्ट्याने ठोका, पुन्हा स्प्रे. तरीही नाहीच तर ब्रॅकेट आणि डोळा यांच्या फटीत एक्सा ब्लेड घालून बोल्ट दोन्हीकडून कापा. तासभर जातो, हात भरून येतात, पण बोल्ट नवा आणलाच आहे.

या टप्प्यावर शेजारचा कुणीतरी येऊन सल्ला देतोच, "गॅस लावा ना भाऊ, दोन मिनिटांत निघते." लावू नका. पेट्रोलची टाकी मागेच आहे, हे पहिलं कारण. दुसरं, पाट्याला भट्टीत दिलेलं पाणी डोळा लाल केला की उतरतं, मग तो डोळा एक दिवस रस्त्यात उघडतो. रबर जाळल्याचा धूर नाकातोंडात जातो तो वेगळाच.

जुना बुश बाहेर, नवा आत

शेकलचे अर्धे बुश बोटांनीही निघतात. सायलेंट ब्लॉकला मात्र युक्ती लागते. पाटा पूर्ण काढला असेल तर वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यातल्या एखाद्या कमानवाल्याकडे नेऊन प्रेसवर दाबून घेता येतो. पाटा जागेवरच ठेवून करायचं तर घरगुती ओढणी बनवा. बुशाच्या भोकातून आरपार जाईल असा लांब हाय टेन्साइल बोल्ट घ्या. एका बाजूला बुशाच्या बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लहान गोटी, दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल इतका मोठा पाइपचा तुकडा, दोन्हीकडे जाड वायसर. बोल्टाच्या आट्यांना ग्रीस लावा (इथे चालतं, हे लोखंड आहे) आणि नट आवळत जा. गोटी बुशाला ढकलते, बुश पाइपात उतरतो. पहिली हालचाल 'काड' करून होते, तेव्हा घाबरू नका.

तसा न निघाला तर रबर ड्रिलने पोखरून आतली नळी काढा, एक्सा ब्लेड डोळ्यातून ओवून फ्रेमला जोडा आणि बाहेरच्या नळीला आतून एक चीर द्या. नळीचा पत्रा पातळ असतो. घास बदलल्यासारखा वाटला की थांबा, त्याच्या पुढे पाट्याचा डोळा आहे. चीर पडली की छिन्नीने नळी आत वाकवून बाहेर काढा.

रिकामा डोळा पॉलिश पेपरने चकचकीत करा, बोट फिरवून खरखर तपासा. कडेला गोल कानशीने हलकासा उतार द्या, म्हणजे नवा बुश तोंडाशी अडणार नाही.

नवा बुश मी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवला होता, संत्रा बर्फीच्या डब्याशेजारी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. घरात त्यावर बरीच चर्चा झाली. चाळीस मिलिमीटरची लोखंडी नळी त्याने आक्रसते ती फक्त तीन-शतांश मिलिमीटर, केसाच्या निम्म्याहून कमी, पण सुरुवात सरळ पकडायला तेवढं पुरतं. तीच ओढणी उलटी लावायची. या वेळी दाब बुशाच्या बाहेरच्या नळीवरच यायला हवा. आतल्या नळीवर दाबलंत तर रबर नव्यातच सुटेल. पहिले चार-पाच मिलिमीटर बुश तिरपा जात नाही ना हे प्रत्येक फेऱ्याला बघा. तिरपा वाटला की मागे घ्या. शेवटी दोन्ही बाजूंना सारखा बाहेर दिसला पाहिजे. हातोड्याने ठोकून बसवणारे आहेत, त्यांचे बसतातही. माझ्या पहिल्या ठोक्याला नळीची कड दुमडली होती.

शेकलच्या अर्ध्या बुशांना साबणाचं पाणी लावा आणि आत सरकवा. पाणी सुकतं, रबराला काही होत नाही. मोबिल ऑइल, ग्रीस, खोबरेल, काहीही नको.

पाटा जागेवर आणा. पुढचा बोल्ट आधी, मग शेकल, मग शॉकअप. ॲक्सलखालचा जॅक वरखाली करून भोकं जुळवा. भोकातून बोट घालून जुळलंय का बघायची सवय असेल तर आजच सोडा, त्यासाठी पेचकस आहे. सगळे नट हाताने बसतील तितकेच बसवा. आवळू नका.

आवळायची वेळ

बहुतेक नवखे, आणि काही जुनेही, इथेच चुकतात. मीही चुकलो. पहिल्या खेपेला गाडी घोड्यांवर, ॲक्सल खाली लटकलेला, आणि मी उत्साहात सगळे नट करकचून आवळून टाकले. चार महिन्यांत खळ्ळ परत. बुश काढून बघितले तर नवं रबर आतल्या नळीपासून गोल फाटलेलं.

कारण वर सांगितलं तेच: बुश पिळतो. नट आवळला की आतली नळी त्या क्षणी ज्या कोनात आहे त्या कोनात कायमची धरली जाते. ॲक्सल लटकलेला असताना धरली, तर गाडी जमिनीवर उतरताच पाटा सपाट होतो आणि रबर उभ्या गाडीतच पिळलेलं राहतं. वर प्रत्येक खड्डा त्याला त्याच दिशेने आणखी पिळतो. घराजवळ उभी असतानाही ते बिचारं सुटत नाही. म्हणून आवळायचं ते गाडीचं वजन पाट्यांवर असताना, तेव्हा पिळाची सुरुवात शून्यापासून होते.

दुसऱ्या बाजूचंही काम इथपर्यंत आणा. चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, हळूच दोन फूट पुढे-मागे ढकला, डिकी दाबून चार-पाच हिसके द्या, म्हणजे पाटे आपली जागा घेतील. पिट, म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा, असेल तर सोन्याहून पिवळं, तिथे नेऊन खालून आवळा. नसेल तर ठोकळे पुन्हा ठोकून गाडी उचला, पण आता घोड्या ॲक्सलच्या नळीखाली, चाकांच्या जवळ लावा. गाडीचं वजन ॲक्सलवर, म्हणजे पाट्यांवर येतं, पाट्यांचा वाक चाकांवर असताना होता तोच, आणि तुम्हाला पाना फिरवायला जागा मिळते. हिसके देऊन पुन्हा एकदा स्थिरता तपासा, गाडीत कुणी बसू नये. मग पुढचे बोल्ट, शेकलचे नट, शॉकअपचे नट या क्रमाने सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे आवळा. यू बोल्टांवरही पाना फिरवा, चारी कोपरे थोडे थोडे, आळीपाळीने.

शेकल कसा उभा आहे ते बाजूने बघा. रिकाम्या गाडीत त्याचं खालचं टोक थोडं मागे झुकलेलं असावं. तो जवळजवळ आडवा झाला असेल तर पाटा बसलाय, आणि त्याला कमान देऊन आणावी लागेल. ते काम घरचं नाही.

मग टेप काढा. माझा नऊचा फरक दोनवर आला होता.

पहिली फेरी गल्लीतच मारा, ब्रेक दोनदा दाबून बघा, थांबून चाकांचे नट पुन्हा तपासा. त्यानंतर सिमेंटच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने, काचा खाली करून जा. ॲक्सिलरेटर सोडा, द्या, सोडा. मागचा भाग सरकायचा थांबलेला असेल. नवं रबर पहिले काही दिवस थोडं कुरकुरतं, स्प्रेचा डबा हातात घेऊ नका. पाचशे किलोमीटरनंतर यू बोल्ट आणि शेकलचे नट एकदा बघायचे, गाडी चाकांवर उभी असतानाच.

भाच्याला फेरीला मागे बसवलं होतं. सांध्यांवर टप, टप, आणि मध्येच एक बारीक खडखड. "मामा, अजून आवाज येऊन राहिला." डिकी उघडली. गडबडीत मी दोन किलोचा हातोडा स्टेपनीवर ठेवून विसरलो होतो.